सड्यावरचं दार

“यात काय कमी आहे, तेवढं सांगा सर.”

बुवानं फोटो हातात घेतला. उलटा केला. म्हणजे आभाळ खाली, कातळ वर. आणि तसाच बघत बसला.

“सर... उलटा धरलाय तुम्ही.”

“हं.”

“सुलटा करून देऊ?”

“सुलटा धरला की मला सडा दिसतो,” बुवा म्हणाला. “सडा मला रोजच दिसतो. उलटा धरला की फोटो दिसतो.”

शार्दूल बेंद्रेनं पुढं केलेला हात मागं घेतला. मी शेजारीच चहा पीत होतो. तो नाकात गेला.

आता ही मंडळी कोण, ते सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यानं मधूनच सुरुवात केली.

बुवा म्हणजे फोटोबुवा. खरं नाव गणपत मुळीक, पण ते आता फक्त लाइटच्या बिलावर उरलंय. उभा जन्म त्यानं डोंगर, पाणी, आभाळ आणि झाडं यांचेच फोटो काढले. माणसाचा एक नाही. त्याचे फोटो लांबलांबच्या देशांत लागलेत आणि ते बघून लोक रडलेत म्हणे. मी नाही रडलो. मला एका फोटोत माझी चुकलेली म्हैस दिसली होती, तेवढा आनंद झाला.

म्हातारपणी तो आमच्या गव्हाळीच्या सड्यावर येऊन राहिला. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट काळं कातळ. पावसाळा सरता सरता त्याच्यावर फुलं येतात आणि फुलांच्या मागोमाग पुण्याची माणसं येतात. फुलं आपणहून जातात.

दाढी आहे आणि बोलणं कमी, म्हणून गावानं त्याला बुवा केलं. मी त्याचा शेजारी. माझं बोलणं जास्त, म्हणून मला गावानं काहीच केलं नाही.

शार्दूल बेंद्रे पुण्याचा. फोटो कसा काढावा, हे तो मोबाइलवर शिकवतो. लाखभर माणसं त्याचं ऐकतात. चौकटीचे उभे-आडवे तीन तीन भाग करा, झाड मधोमध ठेवू नका, पुढ्यात एखादा दगड येऊ द्या, वाट आत जाऊ द्या. चूक काहीच नाही त्यात. माझी थोरली सूनही ऐकते. तेव्हापासून आमच्याकडं वांग्याच्या भाजीचासुद्धा फोटो काढायचा तर वांगं एका बाजूला सारतात.

म्हणून मी त्याला मास्तर म्हणतो. त्याला ते आवडतं. बिचाऱ्याला मी थट्टा करतो हे कळत नाही.

आता खिळ्याचं सांगतो. सगळं त्या खिळ्यापायी झालं.

बुवाच्या ओसरीची भिंत फळ्यांची आहे. भिंतीपलीकडं अंधारखोली. पूर्वी तिथं तो फोटो धुवायचा, त्यामुळं तिला ना खिडकी, ना फट. त्या फळ्यांच्या भिंतीत एकच खिळा. चांगला बोटभर लांब, आरपार गेलेला. बुवाकडं शिकणाऱ्याचा एखादा फोटो बुवाला पटला, तर तो कोजागिरीला त्या खिळ्याला टांगायचा. वर्षभर तिथं राहायचा. पुष्कळ वर्षं खिळा नुसताच असायचा आणि मी त्याला टोपी अडकवायचो.

आणि नेम असा की, एका माणसानं तीन कोजागिऱ्या फोटो घेऊन यावं. चौथ्या कोजागिरीला दूध प्यायला यावं, फोटो आणू नये.

मास्तरची ही तिसरी.

गेल्या साली तो रित्या हातानं परत निघाला, तेव्हा कॅमेऱ्याच्या काचा पुसता पुसता मला म्हणाला होता, “काका, लाख लोक वाहवा करतात. पण माझा एक फोटो कुणी दुसऱ्या दिवशी आठवून सांगितला नाही.” एवढं बोलून त्यानं पिशवीची चेन लावली. मी तेव्हा काही चेष्टा केली नाही. मलाही कधीतरी कळतं.

तर तो फोटो बुवाच्या हातात, उलटा.

काय नव्हतं त्यात. गड होता. तळं होतं. पुढं फुलं होती. गडाच्या कानाजवळ उगवता सूर्य होता, देवळाचा कळस होता, आणि एक बगळाही बरोबर वेळेवर उडत होता. तुम्हीही काढला असेल असा. लाजू नका.

“कमी काही नाही,” बुवा म्हणाला.

“मग?”

“हेच... कमीच काही नाही.”

मास्तरचा चेहरा पडला. मला वाटलं, आता निघेल. पण तो हट्टी निघाला. म्हणाला, गड नको असेल तर दुसरा कोन घेतो. लांबची काच लावतो, जवळची लावतो, पहाटे जातो, संध्याकाळी जातो. कोजागिरीला अजून अवकाश आहे. सांगा, कसा काढू?

बुवा उठला. माझ्या परसात गेला. माझ्या, त्याच्या नव्हे. तिथं माझ्या शेळ्यांच्या जुन्या खोपटाची चौकट पडली होती. खोपट केव्हाच मोडलं, चौकट राहिली. फणसाची, उंबऱ्यासकट. ठेंगणी, शेळ्यांच्या मापाची. माणसाला त्यातून जायचं तर वाकावं लागेल अशी.

“ही घे,” बुवा म्हणाला. “कॅमेरा इथं ठेव. सड्यावर फीर. जिथं फोटो आहे तिथं ही उभी कर, आणि मला हाक मार.”

मास्तर हसला. त्याला वाटलं, चौकट उचलणं ही चेष्टा आहे. म्हणाला, “सर, कॅमेऱ्यात चौकट असतेच की.”

“ती फार हलकी आहे.”

“हलकी?”

“म्हणून तू ती कुठंही फिरवतोस.”

त्या दिवशी दसरा होता. हे ध्यानात ठेवा. मास्तरनं ठेवलं नाही.

चौकट खांद्यावर घेऊन निघाला. मी शेंगांची पुडी घेऊन मागं. असला तमाशा फुकट कुठं बघायला मिळतो?

आधी तो गेला तिथंच, जिथं सगळे जातात. तिथं कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय रोवून रोवून मातीत कायमची भोकं पडलीत. चौकट उभी केली, डोकावला. गड, तळं, फुलं. म्हणाला, इथंच. मग बुवाचा उलटा हात आठवला असावा. पुन्हा उचलली.

वाटेत गुराखी भेटले. त्यांनी विचारलं, पाव्हणं, दार हाय तर घर कुठं ऱ्हायलं? मास्तरनं त्यांना समजावलं की, हा संरचनेचा अभ्यास आहे. ते म्हणाले, मग जपून न्या, उंबरा आपटला तर संरचना फुटंल. मी शेंग सोलत होतो. माझा यात काही हात नव्हता.

तळ्याकाठी उभी केली. उचलली. फुलांत उभी केली. उचलली. खांदा सोलला. मग मात्र एक झालं. तो चौकट उभी करायच्या आधी बघायला लागला. उभा राहून, वाकून, मागं सरून बघायचा. मान हलवायचा आणि चौकट न टेकवताच पुढं जायचा. कॅमेरा असता तर तेवढ्यात शंभर फोटो पाडले असते. इथं खांदा त्याला नाही म्हणायला शिकवत होता.

सगळा सडा झाला. एकही जागा पटली नाही. ऊन चढलं. तसाच परत आला आणि बुवाच्या घरासमोर, धोंडा भिरकावला तर पडेल इतक्या अंतरावर, चौकट टेकवून मटकन बसला. पडू नये म्हणून बुडाशी दगड रचले. चांगले घट्ट रचले. माणूस नीटनेटका.

पाणी पीत होता तेवढ्यात गोजाक्का आली.

गोजाक्का आमच्या वाडीची. सड्यावरच्या देवीला निघाली होती. हातात पाटी. पाटीत नारळ, हळदकुंकू, आपट्याची पानं, झेंडूचं तोरण. चौकट बघितली आणि थबकली. मग तिच्या तोंडावर असं काही हसू आलं, की मी शेंग चावायची थांबलो.

“कुणाचं रं घर?” तिनं मला विचारलं.

“मालक समोरच आहे. त्यालाच विचार.”

खोटं काय बोललो? चौकट माझी होती, पण ओझं त्याचं होतं.

आमच्याकडं घर बांधायचं तर आधी चौकट उभी करतात. भिंती मागनं. चौकट उभी राहिली, पुजली, की घर झालं असं समजायचं. विटा येतील तेव्हा येतील. आणि दसऱ्याला तर मुहूर्त बघायचंही कारण नाही. गोजाक्काला वाटलं, बुवाचा पुणेकर शिष्य बुवाच्या शेजारी घर घालतोय.

मास्तरला वाटलं, दसऱ्याला लोक विळे, नांगर, गाड्या पुजतात, तशी ही चौकट पुजतेय. म्हातारीचं मन कशाला मोडा. पाय जुळवून, हात जोडून उभा राहिला. तिनं वरच्या गणेशपट्टीवर आणि दोन्ही बाजूंच्या लाकडांवर हळदकुंकवाची बोटं ओढली. उंबऱ्याला पाणी घातलं. देवीचं तोरण दाराला बांधलं. दार उगवतीलाच ना, म्हणून विचारलं, तर यानं मान डोलावली. नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा मालकाच्या हातावर आला. मालकानं तो आवडीनं खाल्ला.

देवीला नारळ उरला नाही. तिला उद्या देते, म्हणाली. देवीला आणि गोजाक्काला एकमेकींची सवय आहे.

मग मास्तरनं हात झटकले आणि चौकट उचलायला वाकला.

गोजाक्कानं त्याचं मनगट धरलं.

“पुजलेली चौकट हलवत्यात व्हय रं?”

तो हसून म्हणाला की, मावशी, जागा अजून ठरायचीय. ती हसली नाही. चौकट पुजून मोडली तर ज्याची त्यालाच नाही, आख्ख्या वाडीला ते बरं नाही, असं तिनं त्याला सांगितलं. हात जोडून उभा कोण होता? खोबरं कुणी खाल्लं? माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, खाल्लं खरं.

तो धावत ओसरीवर आला. घडलेलं सगळं सांगितलं. बुवानं ऐकून घेतलं. आधी दाढी हलली. मग खांदे. मग बुवा भिंतीला टेकून इतका हसला की डोळे पुसायला त्यानं माझाच गमछा घेतला.

“कोणीकडं तोंड आहे दाराचं?”

“कुठंच नाही सर. गड डावीकडं राहिला. तळं तिकडं, फुलं तर पारच पलीकडं. दारातून नुसता कातळ दिसतो. एक पाण्याचं डबकं आणि एक करवंदीची जाळी.”

“बरं.”

“बरं काय सर? शेवटची खेप आहे माझी.”

“म्हणून तर.” बुवानं कॅमेरा त्याच्या हातात ठेवला. “आता त्या दारातून दिसेल तेवढंच. दुसरं नाही.”

“पण तिथं काही नाही हो...”

बुवा आत गेला होता.

त्याच दिवशी कललेल्या उन्हात मास्तरनं पहिला फोटो काढला. दारासमोर ताठ उभा राहून. जाळी बरोबर डावीकडच्या तिसऱ्या भागात. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बुवाला दाखवला. बुवानं कॅमेराच उलटा धरला.

“पाठ आहे हे.”

“म्हणजे?”

“डोळे मिटून काढलंस.”

दुसऱ्या सकाळी तो दारापलीकडं जाऊन जाळी नीट बघावी म्हणून निघाला. बुटांसकट, चौकटीच्या बाजूनं. तुम्ही-आम्ही जाऊ तसा. चहूकडं उघडा सडा. वारा इकडून येतो नि तिकडून जातो.

गोजाक्का देवीचा राहिलेला नारळ घेऊन चालली होती. ती लांबूनच ओरडली.

“भिंतीतनं कुठं चाललास रं?”

मास्तर जागच्या जागी थिजला. एक पाय वर. खाली टेकवावा की नाही, हे त्याला कळेना. मी इतकी वर्षं लोकांच्या खोड्या काढतोय; असं माणसाला थिजवणं मला कधी जमलं नाही.

ती आली. दारापाशी चपला काढल्या. वाकली, पदर सावरला, उंबरा ओलांडून आत गेली. आत म्हणजे सड्यावरच. चार पावलं चालली, मागं वळून कौतुकानं सगळीकडं बघितलं, आणि तशीच वाकून बाहेर आली. चपला घातल्या.

“हवेशीर हाय,” म्हणाली, आणि देवीकडं गेली.

तिनं वाडीत काय सांगितलं कोण जाणे. त्यानंतर जो तो दारातूनच जायला लागला. गुराखीसुद्धा. चपला बाहेर, मान खाली, आत. बाजूला हवी तेवढी मोकळी जागा असून कुणी बाजूनं जाईना. शेळ्या जायच्या. पण त्या आधीपासूनच बेशिस्त. आणि खरं तर त्यांचंच दार ते.

मास्तरचे बूट घोट्याच्या वरपर्यंत, नाड्यांनी जखडलेले. आत जायचं की नाड्या सोडा, बाहेर यायचं की बांधा. तेवढ्यात ऊन पळायचं. आधी चिडला. मग बूट ओसरीवर ठेवून अनवाणीच फिरायला लागला. कातळ टोचला की जपून पाऊल टाकायचा. जपून टाकलं की थांबायचा. थांबला की बघायचा.

आणि त्याला एक खेळ सापडला.

दार हलत नव्हतं. पण तो एक पाऊल डावीकडं सरला की जाळी दारातून निघून जायची. उजवीकडं सरला की परत यायची. मागं गेला की दारात आभाळच उरायचं नाही. पुढं आला की आभाळच आभाळ. गुडघ्यांवर बसला की डबकं उंबऱ्यावर चढायचं. उभा राहिला की परत खाली. मग तो नुसतंच तेच करत बसला. उठायचा, बसायचा, सरायचा. तिकडं पुण्यात लाखभर माणसं मास्तर काय सांगतो म्हणून वाट बघतायत, आणि इकडं मास्तर शेळ्यांच्या दारापुढं उठाबशा काढतोय.

मी विचारलं, काय मास्तर, शिक्षा कुणी दिली?

“काका,” तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा हसला, “मी आजवर कॅमेराच हलवला. मी हललोच नाही हो.”

मी त्याला शेंगा दिल्या. असं माझं क्वचित होतं, गावात विचारा.

मध्येच एक दिवस त्याची हिंमत गेली. फुलं सुकायला लागली होती, गडाभोवती काय ढग जमले होते, आणि हा एका डबक्यापुढं बसलेला. ओसरीवर येऊन म्हणाला, सर, गडावर आज असा उजेड पडलाय की पुन्हा पडणार नाही. एक फोटो काढून येऊ?

“जा की.”

तो निघाला. अंगणाच्या कडेपर्यंत गेला.

“कुठल्या दारानं जाशील?” बुवानं विचारलं.

मास्तर उभा राहिला. मग परत येऊन आपल्या उंबऱ्यासमोर बसला. गडावरचा उजेड गेला. कुठं गेला ते गडाला ठाऊक.

कोजागिरीच्या सकाळी तो तालुक्याला गेला, फोटो छापून आणायला. स्टुडिओवाल्यानं विचारलं, पासपोर्ट साइज का? याला आधी राग आला असता. आता हसू आलं. दुपारी परत आला तो फोटो छातीशी धरून.

बुवा ओसरीवर बसला होता. ऊन कलून घराच्या पाठीमागून पुढं सड्यावर पडलं होतं. समोर चौकट, तिच्यावरचं सुकलेलं तोरण, सगळं उन्हात न्हालेलं.

मास्तरनं फोटो पुढं केला. काय कमी आहे, हे विचारलं नाही.

मीही मान लांब करून बघितला. मोठं, काळं कातळ. त्यात पाण्याची एक लांबट चकती, आणि त्या पाण्यात सगळं आभाळ उतरलेलं, एका ढगासकट. कडेला करवंदीची जाळी, वाऱ्यानं जरा वाकलेली, दारातून आत येणाऱ्या माणसासारखी. आणि अगदी डाव्या काठाला चौकटीच्या लाकडाची बारीक पट्टी. तिच्यावर गोजाक्काच्या हळदीच्या बोटाची खूण. बस.

गड नाही, तळं नाही, बगळा नाही. पण मला एकदम वाटलं, पायांत चपला आहेत आपल्या, काढाव्यात.

बुवानं फोटो उलटा केला. बघितला. सुलटा केला. पुन्हा उलटा केला. आभाळ वरही होतं आणि खालीही.



मी माझी टोपी खिळ्यावरून हळूच काढून घेतली. जागा मोकळी असलेली बरी.

बुवानं फोटो आपल्या शेजारी, बसायच्या घोंगडीवर ठेवला. जपून ठेवला.

“पक्कड आण,” मला म्हणाला.

मी आणली. बुवा उठला. भिंतीपाशी गेला. पकडीत खिळ्याचं डोकं धरलं, आणि उपटायला लागला.

मास्तर पांढरा पडला.

“सर... आता खिळाच नाही?”

खिळा जुना, फळी जुनी. कुरकुर करत सुटला. गंजलेला, लांब. बुवानं तो मास्तरच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

“आत ये.”

अंधारखोलीत आम्ही दोघं त्याच्या मागं गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. बुवानं दार लावलं, दाराखाली पोतं सारलं. गच्च काळोख. जुन्या औषधांचा आंबूस वास. मी कुणाच्या तरी पायावर पाय दिला, आणि तो बुवाचा होता.

“सर, काय बघायचंय?”

बुवानं त्याला खांद्याला धरून उभं केलं.

खिळ्याच्या भोकातून उजेडाचा एक दाणा आत येत होता. एवढाच.

मग डोळे सरावले.

समोरच्या भिंतीवर आधी काहीतरी ओलसर हललं. वर काळपट, खाली निळसर. मग रंग आले. नारिंगी एक ठिपका आला, तो झेंडूच्या तोरणाचा. त्याच्याभोवती लाकडाची चौकट आली. पलीकडं डबकं चमकलं. करवंदीची जाळी वाऱ्यानं हलली. हलली हो, खरोखरीच. सगळा सडा त्या भिंतीवर उतरला होता, जिवंत. डोकं खाली, पाय वर.



मास्तरचा श्वास ऐकू येत होता. मग त्यातून हसू फुटलं. बारीक, मग मोठं. आणि मग त्या लाखभर माणसांच्या मास्तरनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, खाली वाकला, आणि दोन पायांमधून डोकं घालून भिंतीकडं बघायला लागला. सडा सुलटा दिसावा म्हणून. मी म्हणालो, मास्तर, तिसरा भाग सापडला का? त्याला ते ऐकूही गेलं नाही.

“सर,” तो वाकल्या वाकल्या म्हणाला, “हे इथंच होतं? इतकी वर्षं? खिळा होता म्हणून...”

“हं.”

“मग तुम्ही तो आधीच का नाही काढला?”

“समोर दार नव्हतं.”

तेवढ्यात भिंतीच्या कडेनं एक हिरवं लुगडं आलं. उलटं, वटवाघळासारखं छताला लोंबत. डोक्यावर दुधाची चरवी. गोजाक्का. कोजागिरीचं दूध घेऊन बुवाकडंच येत होती. वाडीहून येणाऱ्या वाटेनं दारापलीकडून आली. आता कुणीही सरळ अंगणात आलं असतं. सगळा सडा मोकळा.

ती दाराकडं वळली.

मास्तर ताडकन उभा राहिला. खिळा मुठीतच.

“कॅमेरा... सर, मी कॅमेरा आणतो.”

तो वळणार, तोच बुवानं काळोखात त्याचं मनगट धरलं. गोजाक्कानं धरलं होतं, अगदी तसंच.

“थांब... तिला चपला काढू दे.”